मोजकाकूंच्या घरी मुक्कामाला आलेला आकडा

एक होत्या मोजकाकू. एक होता त्यांचा पुतण्या, चष्म्याच्या काचा घासणारा. एक होती त्या पुतण्याची बायको. काकू तिला सूनबाई म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. अंगणात एक पांढरी पेटी होती, बैठकीत एक काळा डबा होता, आणि त्या डब्यात राहायला आलो तो मी.

मी एक आकडा बोलतोय. तुमच्या घराला जसा घरक्रमांक असतो, तसा तुमच्या इंटरनेटलाही एक पत्ता असतो. शिकलेली माणसं त्याला आयपी म्हणतात. मी तो. चार तुकडे आणि मध्ये तीन टिंबं, एवढंच माझं रूप. माझ्यात एकही अक्षर नाही, नुसते अंक. त्याचा मला कधी अभिमान नव्हता, कमीपणाही नव्हता.

माझा जन्म कुणी पाहिला नाही. आमचा एक कळपच्या कळप कुठल्याशा इंटरनेट कंपनीच्या नावे लिहिला गेला, त्यात मीही होतो. माझ्या आधीचा आकडा माझ्याहून एकाने लहान, पुढचा एकाने मोठा. भावंडं म्हणाल तर तीच. पण एका घरात दोघांनी राहायची वेळ आमच्यावर कधी आली नाही.

पहिली कितीतरी वर्षं मी फिरता होतो. कंपनीची रीत अशी, की कुणी आपला इंटरनेटचा डबा सुरू केला की जो आकडा रिकामा असेल तो त्याच्या हाती द्यायचा. त्याने डबा बंद केला की आकडा परत. घटकाभराने तोच आकडा दुसऱ्याच्या घरी. सकाळी एकाकडे, दुपारी दुसऱ्याकडे. कुणी मला ये म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. मी घरात आहे हेच कुणाला माहीत नसे.

पण माणसं पुष्कळ पाहिली. एक न्हावी होता. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचा, फोनवर केस कापायच्या तऱ्हा दाखवायचा, ही बघा, ही बघा, आणि शेवटी सगळ्यांचे केस सारखेच कापायचा. दोन भाऊ होते. मध्ये भिंत घातलेली, सात वर्षं एकमेकांशी शब्द नाही, पण डबा एकच. तो अडकला की दोघेही गुपचूप येऊन तो बंद करून सुरू करायचे, आणि डबा आपोआप नीट झाला असं आपापल्या बायकोला सांगायचे. एक बाई होती. ती रोज संध्याकाळी नकाशात एकच गल्ली उघडायची, बोटाने तिच्या शेवटापर्यंत जायची आणि बंद करायची. त्या गल्लीच्या शेवटी कोण राहत होतं ते मला कळलं नाही. त्याआधीच माझी बदली झाली.

आता मोजकाकूंचं सांगतो. यातलं मागचं सगळं मी पुढे त्यांच्या घरात राहून ऐकलं.

काकूंचे यजमान छापखान्यात जुळारी होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक वेचून ओळी जुळवायचे, दिवसभर तेच. वेधशाळेला तेव्हा ठिकठिकाणी पाऊस मोजणारी माणसं हवी होती. काकांनी हौसेने नाव दिलं. मग अंगणात पत्र्याचं नरसाळं आलं, त्याच्या पोटात बाटली आली, काचेचं उंच मोजपात्र आलं, आणि झडपांची पांढरी पेटी आली. पेटीत तापमापक टांगलेला. रोज सकाळी आठ वाजता दोन्ही बघायचं आणि वहीत लिहायचं.

काका कामावर लवकर गेले तर कोण लिहिणार? काकूंना अक्षरओळख नव्हती. तेव्हा काकांनी छापखान्यातून शून्य ते नऊ असे दहा झिजलेले खिळे आणले. खिळ्यावरचा अंक उलटा असतो, म्हणून शाईच्या गादीवर दाबून कागदावर उमटवून दाखवला. काकू आठ दिवसांत दहाही अंक शिकल्या. अक्षरं नंतर शिकू, असं काका म्हणाले. ते नंतर काही आलं नाही. काका गेले. वही राहिली, खिळे राहिले, काकू राहिल्या.

मोजायची एक रीत असते. काचेत पाणी कडेला जरासं वर चढतं आणि मध्ये खाली झुकतं. त्या झुकलेल्या पोटाशी जी रेघ असेल ती वाचायची. डोळा पाण्याच्या बरोबरीला आणायचा, वरून बघायचं नाही आणि खालूनही नाही. त्यासाठी काकू रोज अंगणात गुडघे टेकत. सत्तरी उलटली तरी टेकत. सूनबाई म्हणायची, काकू, पात्र उचलून डोळ्यापाशी धरा की. काकू म्हणायच्या, हातात धरलेलं पाणी हलतं, आणि हललेल्या पाण्याचा काय भरवसा.

दुसरी रीत त्यांच्याच घरची होती, आणि सगळी गोष्ट तिच्यापाशीच अडली. काकांच्या वेळी एकदा असं झालं, की मोजताना रेडिओ चालू होता. रेडिओवर कुणीतरी बाजारभाव वाचत होतं. काकांनी पाण्याचा आकडा सोडून रेडिओवरचा आकडा वहीत लिहिला आणि तोच वेधशाळेला कळवला. चार दिवसांनी पत्र आलं, की आपल्या घरी पूर आला होता काय, आणि आला असल्यास आपण सुखरूप आहात काय. काका इतके खजील झाले की त्यांनी नेमच केला. आठला दहा कमी झाले की घरातलं सगळं बंद. रेडिओ बंद, पंखा बंद, नळ बंद, बोलणं बंद. मोजून झालं, वहीत लिहून झालं, पात्र पुसून पालथं ठेवलं, की सव्वाआठला सगळं पुन्हा सुरू.

पुढे टीव्ही आला, तोही या नेमात बसला. मग काळा डबा आला. त्याचे हिरवे दिवे सारखे लुकलुकत. डोळ्याच्या कडेला काही लुकलुकलं की मोजणी चुकते, असं काकूंचं म्हणणं. तेव्हा डब्याचंही बटण आठला दहा कमी असताना खाली, सव्वाआठला वर. घरात याला मोजायची वेळ म्हणत. तेवढ्या वेळात पुतण्या बुटाच्या नाड्या बांधत बसायचा, सूनबाई निमूट भाजी निवडायची. पंचवीस मिनिटं डबा बंद असतो हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांच्याही लक्षात नव्हतं. रोज जे घडतं ते माणसाला दिसत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

अशी पंचेचाळीस वर्षं गेली. वह्यांचा ढीग कपाटात मावेना. पण त्या ढिगात एकही दिवस कोरा नव्हता. काका गेले त्या दिवशीचासुद्धा आकडा आहे. त्या दिवशी पाऊस नव्हता, शून्य लिहिलंय. काकूंनी स्वतःच्या हाताने.

मग वेधशाळेने ठरवलं, की आता हाताने मोजायचं बंद, यंत्रं लावायची. काकूंच्या अंगणात एक खांब रोवला गेला. त्याच्या माथ्यावर इवलीशी वाटी. पावसाने भरली की कलंडते आणि पुन्हा सरळ होते. किती वेळा कलंडली त्यावरून पाऊस किती ते ठरतं. खांबापासून काळ्या डब्यापर्यंत वायर ओढली. वेधशाळेतलं मोठं यंत्र रोज आठच्या ठोक्याला या घरचं दार वाजवणार, वाटीचा हिशेब विचारणार आणि परत जाणार. दार उघडलं नाही तर दहा मिनिटांत आणखी तीनदा वाजवणार. तरी उघडलं नाही तर त्या दिवसाचा रकाना कोरा.

अट अशी होती. तीस दिवसांत निदान वीस दिवस यंत्राला उत्तर मिळालं पाहिजे. मिळालं तर हे ठिकाण राहील. नाही मिळालं तर खांब काढून दुसऱ्याच्या अंगणात जाईल, पांढरी पेटी जाईल आणि या घरची नोंद बंद होईल.

काकूंनी ते ऐकून घेतलं. त्या एवढंच म्हणाल्या, "पहिल्या पानावरचा पहिला अंक यांनी माझा हात धरून काढून घेतला. शेवटचा अंक यंत्राने लिहिला तरी चालेल मला. पण कोरं पान नको."

सुरुवातीलाच घोटाळा झाला. यंत्र बसवलं त्या दुपारी डब्यात जो आकडा होता तो वेधशाळेने टिपून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आकड्यावर दार वाजवलं तर भलत्याच घरचं दार वाजलं. तो आकडा मी नव्हतो, माझाच एक भाऊबंद होता. तोवर तो एका शिवणकामाच्या दुकानात जाऊन बसला होता. नवा आकडा टिपला, तोही पुढच्या दिवशी गायब. वेधशाळेतून फोन आला, की तुमच्या घराचा पत्ता रोज बदलतो, तुम्ही कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या, म्हणजे कायमचा न बदलणारा पत्ता. तो आला की तीस दिवस नव्याने मोजू.

पत्ता रोज का बदलतो हे कुणी विचारलं नाही. कंपन्यांचं असंच असतं, असं पुतण्या म्हणाला, आणि सगळ्यांना ते पटलं.

सूनबाई फोनला बसली. एक दाबा, दोन दाबा, गाणं ऐका. दोन दिवस ती गाणंच ऐकत होती. शेवटी एक माणूस लाभला. त्याने अर्ज भरून घेतला आणि विचारलं, की स्टॅटिक आयपी कशासाठी हवा. कॅमेरा, ऑफिस, गेम की इतर. सूनबाईने फोनवर हात ठेवून काकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, पाऊस लिही म्हणावं. तो म्हणाला, तसा पर्याय नाही. मग इतर लिहिलं आणि पुढे पाऊस लिहिलं. दुसऱ्या दिवशी कंपनीतून दुसऱ्याचा फोन. पाऊस ही आपली फर्म कधी स्थापन झाली, असं विचारत होता. पुतण्या म्हणाला, फार जुनी आहे.

आणि अशी माझी निवड झाली. का झाली, मला माहीत नाही. रिकाम्या आकड्यांच्या रांगेत मी पुढे असेन.

कंपनीचा तारवाला आला. त्याच्या चिठ्ठीवर मी पेनाने लिहिलेला होतो. त्याने डब्याला आपला लॅपटॉप जोडला, मला पहिल्या ओळीत भरलं, खाली आणखी तीन ओळी भरल्या, डबा बंद करून सुरू केला. काकू शेजारी स्टुलावर बसून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "हा कायमचा ना?"

"कायमचा."

"मी डबा बंद केला तर?"

"बंद करा, आजी. वर्षभर कुलूप लावून जा. परत याल तेव्हा हाच असणार. तुमच्या नावावर चढलाय तो."

तो खोटं बोलला नाही. कायमचा म्हणजे कायमचाच. फक्त पत्ता कायमचा असणं वेगळं आणि दार उघडं असणं वेगळं, हे त्याने सांगितलं नाही. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

पहिल्या रात्री मी त्या डब्यात नुसता पडून होतो. उद्या इथेच, परवाही इथेच. फिरत्या आयुष्यात मला असं काही वाटायची सवय नव्हती, त्यामुळे काय वाटलं ते सांगता येत नाही.

पहिली सकाळ. रेडिओ बंद झाला, पंखा बंद झाला, नळ बंद झाला. मग काकूंचं बोट आलं आणि बटण खाली गेलं. डबा बंद झाला की मी मरत नाही. मी कंपनीच्या नोंदीत उभा असतो, घराच्या फाटकाबाहेर म्हणा ना. तिथे उभा राहून मी बघितलं. आठ वाजले. वेधशाळेचं यंत्र आलं, अगदी बरोबर माझ्यापाशी आलं. पत्ता बरोबर, घर बरोबर. दार वाजवलं. दार बंद. तीन मिनिटांनी पुन्हा, मग पुन्हा, मग पुन्हा. अंगणात त्याच वेळी काकू, यंत्र आलं तरी आपला नेम न सोडता, गुडघे टेकून पाण्याचं पोट वाचत होत्या. सव्वाआठला बटण वर झालं. मी आत आलो. यंत्र केव्हाच निघून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मला सगळं दिसत होतं, पण मला तोंड नाही. आकडा काय बोलणार? आज बोलतोय तो तुमच्याशी.

वेधशाळेतून आठवड्याला फोन यायचा, की अजून आकडे येत नाहीत. मग पुतण्या तारवाल्याला बोलवायचा. तारवाला यायचा दुपारी. त्याने वायर बदलली, खांबाच्या खालचा जोड बदलला, डबा खिडकीतून उचलून कपाटावर ठेवला. दर वेळी वेधशाळेला फोन लावून विचारायचा, आता येतंय का? तिकडून उत्तर यायचं, आता येतंय. तो हात झटकून जायचा. पुतण्या म्हणायचा, कंपनी चोर आहे. सूनबाई म्हणायची, वेधशाळेचं यंत्रच जुनं असेल. काकूंना वाटायचं, खांब काकांच्या नरसाळ्याच्या फार जवळ रोवलाय, दोघांचं पटत नसेल. त्यांनी पुतण्याला खांब दोन हात सरकवता येईल का असंही विचारलं. तो हसला. काकू हसल्या नाहीत.

त्या दिवसांत काकू पांढऱ्या पेटीपाशी जास्त वेळ थांबू लागल्या. झडपांवरची धूळ रोज पुसायच्या. जाणाऱ्या पाहुण्याचं सामान आपणच आवरावं, तसं.

अठराव्या दिवशी काकूंच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा होता. सातला घरून निघायचं होतं. जाताना त्यांनी सूनबाईला दहादा बजावलं, आठला मोज, पोट वाच, कड वाचू नको. सूनबाईने बरोबर आठला मोजलं, वहीत लिहिलं. पण घरात ती एकटी, मनात दवाखान्याची काळजी, फोन हातात. कुणाचा निरोप येतो का म्हणून तिने काहीच बंद केलं नाही. नळ ठिबकत होता, पंखा फिरत होता, मी डब्यात जागा होतो. आठच्या ठोक्याला दार वाजलं. मी उघडलं. यंत्राने हिशेब घेतला आणि गेलं. एवढं मोठं काम झालं आणि घरात कुणाला पत्ता नाही. सूनबाई पात्र पुसत होती.

दुसऱ्या दिवशी काकू एका डोळ्यावर पट्टी घेऊन अंगणात हजर. बटण खाली. पट्टी सुटली तेव्हा म्हणाल्या, आता मला भिंतीवरच्या पालीचे डोळेसुद्धा दिसतात. पुतण्या म्हणाला, काकू, असं सगळ्यांचं झालं तर माझं दुकान बंद. काकू म्हणाल्या, तू काचा घासतोस, माणसं काचेमागून खोटंच बघतात, तुला गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

तीस दिवस झाले आणि वेधशाळेतल्या बाई आल्या. साडेसातलाच आल्या, कारण खांब आणि पेटी न्यायला आणलेला टेम्पो त्यांना दुपारी दुसरीकडे न्यायचा होता. वयाने सूनबाईएवढ्या, पायात चिखलाने माखलेले उंच बूट. ते त्यांनी दारातच काढले. त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला, आणि तिथेच काकूंना कळलं की बातमी वाईट आहे.

बाई म्हणाल्या, की आपण वर फार सांगून पाहिलं, या घरच्या वह्या आपण स्वतः वाचल्यात, पण नियम आहे. मग त्यांनी एक कागद टेबलावर ठेवला. पुतण्या तावातावाने बोलू लागला, कंपनीचं, तारेचं, डब्याचं. सूनबाई मध्येच तिचं सांगू लागली. बाई मान हलवत ऐकत होत्या. टेम्पोवाला बाहेर दोरी सोडत होता.

काकूंनी तो कागद उचलला. अक्षरं त्यांना येत नव्हती, पण त्या कागदावर अक्षरं थोडीच होती. सगळे अंक. त्यांनी कागद वरून पाहिला नाही, खालूनही नाही. मोजपात्र धरावं तसा नव्या डोळ्याच्या बरोबरीला धरला आणि बोट लावून एकेक ओळ वाचत गेल्या. तारीख, आठ शून्य शून्य, रेघ. तारीख, आठ शून्य शून्य, रेघ. बोट अठराव्या ओळीवर थांबलं.

"इथे बारा पूर्णांक चार लिहिलंय," त्या म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, हो, तो एकच दिवस आला.

काकूंनी सूनबाईला वही आणायला सांगितली. वहीत त्या तारखेला सूनबाईच्या हातचे अंक होते. बारा पूर्णांक चार.

"हा माझ्या डोळ्याचा दिवस," काकू म्हणाल्या. मग बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन सगळ्या रेघा खालपर्यंत पाहिल्या. "बाकीचे सगळे दिवस मी घरात होते."

घड्याळात आठला दहा कमी होते. पुतण्याचा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला. सूनबाईने भाजीचं ताट पुढे ओढलं. काकू डब्यासमोर उभ्या होत्या. त्यांचं बोट वर आलं, बटणापर्यंत आलं. मला त्या बोटावरची शाईची जुनी निळी रेघ दिसत होती. बोट तिथेच थांबलं.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू हा बंद केला होतास?"

सूनबाईने मान हलवली. नाही म्हणाली.

काकूंनी हात खाली घेतला. बाईंना म्हणाल्या, "तुमचं यंत्र रोज बरोबर वेळेला आलं. दार मी लावत होते."

टेम्पोवाला दोरी घेऊन दारात आला तर बाईंनी त्याला हातानेच थांबवलं. काकू अंगणात गेल्या, गुडघे टेकले, पाणी वाचलं. पंखा बंद, रेडिओ बंद, नळ बंद. मी मात्र सुरू. आठ वाजले. दार वाजलं. मी उघडलं. बाईंच्या हातातला फोन एकदा थरथरला. त्यांनी तो काकूंपुढे धरला. काकूंनी आधी आपल्या पात्रातलं पोट पुन्हा एकदा पाहिलं, मग फोनवरचा अंक.

"तीन पूर्णांक दोन," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. मोजतंय नीट."

यंत्राला इतकी मोठी शाबासकी दुसरी मिळाली नसेल.

टेम्पो रिकामा परत गेला. बाईंनी कागदाच्या मागे काहीतरी लिहिलं आणि बूट घालता घालता म्हणाल्या, की दोष घराचा नाही, वेळेचा होता, तीस दिवस आजपासून पुन्हा मोजायला मी वर सांगते, बघू. पुतण्याने मग तारवाल्याला फोन केला आणि तुझी चूक नव्हती असं सांगितलं. तो म्हणाला, ते मला माहीतच होतं, पण हे सांगायला आजपर्यंत कुणी फोन केला नव्हता.

त्यानंतर सकाळी आठला दहा कमी झाले की काकू सगळं बंद करत आणि माझ्या डब्यावर एक जाड रुमाल टाकत. दिवे लुकलुकले तर आत लुकलुकू देत, म्हणायच्या. मला त्या रुमालाखाली काही अडचण नव्हती.

तीस दिवसांत तीस आकडे गेले. मग वेधशाळेचं पत्र आलं. सूनबाईने मोठ्याने वाचलं. हे ठिकाण कायम राहील. मागचे जे जे रकाने कोरे होते ते सगळे काकूंच्या वहीतून भरून घेतले आहेत, त्यामुळे या घरच्या नोंदीत एकही दिवस कोरा नाही. हाताची मोजणी आणि यंत्राची मोजणी इतकी जुळणारं दुसरं घर या भागात नाही, तेव्हा इथलं हाताचं मोजणं बंद करू नये, आसपासच्या सगळ्या यंत्रांची परीक्षा इथल्या वहीवर होईल. त्या कामावर सूनबाईंची मानधनावर नेमणूक केली आहे, आणि जोवर त्यांची इच्छा असेल तोवर मोजकाकू त्यांच्या वरिष्ठ राहतील.

काकूंनी विचारलं, वरिष्ठ म्हणजे काय? पुतण्या म्हणाला, म्हणजे आतापर्यंत जे करत होतात तेच, फक्त आता ते सरकारी झालं. सूनबाई पत्र हातात धरून बसली होती. लग्न होऊन आल्यापासून तिच्या नावाने आलेलं ते पहिलंच पत्र होतं.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती, की वहीच्या पहिल्या पानावर ठिकाणाचा पत्ता आणि आयपी नोंदवून ठेवावा. पुतण्याने पेन काढलं. काकूंनी ते बाजूला सारलं. कपाटातून डबी काढली, डबीतून दहा झिजलेले खिळे, आणि सुकलेल्या गादीवर शाईचे दोन थेंब. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या पानावर, काकांनी हात धरून काढून घेतलेल्या अंकाच्या वर, जिथे जागा होती तिथे, त्यांनी मला एकेक अंक दाबून उमटवलं. एक खिळा दोनदा लागला, तो पुसून पुन्हा घेतला. मधली तीन टिंबं काडीने दिली.

मी पुष्कळ ठिकाणी लिहिला गेलो होतो, यंत्रांत, नोंदींत, चिठ्ठ्यांवर. शाईचा वास मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

आता मी तिथेच असतो. तुमच्या घरीही एखादा डबा असेल आणि त्यात माझा एखादा भाऊबंद असेल, फिरता किंवा मुक्कामाचा. घरच्या रीती मोडा असं मी कुणाला सांगत नाही. एवढंच सांगतो, की दाराशी कुणी येत नाही असं वाटलं तर त्या वेळी आपला हात कुठे असतो ते एकदा बघा.

आठला दहा कमी झालेत. रेडिओ बंद झाला, पंखा बंद झाला, नळ बंद झाला. रुमाल आला. बाहेर आज सूनबाईने गुडघे टेकलेत, आणि काकू खुर्चीवर बसून तिला सांगतायत, पोट वाच. दार वाजेल आता. मी आहे.